वडिलांचे लाकडी स्पीकर विकू नका

पत्र: आमचा हॉल ११ बाय १५ फुटांचा. भिंतीवर ४३ इंची टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकून सोफा. वडिलांनी १९९४ साली बोनसच्या पैशांतून म्युझिक सिस्टिम घेतली होती. तिचा डेक केव्हाच गेला, पण लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर अजून आहेत. मागे ८ ओहम, ४० वॅट असं लिहिलंय. शिवाय डीव्हीडी होम थिएटरचा एक जुना सेट आहे. त्याचं मुख्य युनिट जळलं, पाच छोटे स्पीकर आणि वूफर माळ्यावर पडून आहेत. छोट्या स्पीकरांवर ३ ओहम लिहिलंय. मुलाच्या कॉम्प्युटरचा २.१ सेटही आता वापरात नाही. घरात सगळ्यांना सिनेमा बघताना चहूबाजूंनी आवाज हवाय. माझी अडचण थोडी वेगळी आहे. आई ७४ वर्षांची. तिला टीव्हीवरचं बोलणं कळत नाही, आणि आवाज वाढवला की मारामाऱ्या आणि पार्श्वसंगीत अंगावर येतं. दुकानदार म्हणाला, ‘हे सगळं भंगारात घाला, साउंडबार घ्या.’ बजेट २० हजार. वडिलांचे स्पीकर विकायला मन होत नाही. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर: नमस्कार. विकू नका. मन राखायला म्हणून हे सांगत नाही. तुमच्याकडे जे सामान आहे त्यातली सगळ्यात मोलाची वस्तू तेच दोन स्पीकर आहेत. लाकडी खोकं, खर्जासाठी मोठा वूफर, बारीक आवाजासाठी वेगळा ट्विटर आणि ८ ओहम, म्हणजे कुठल्याही साध्या अ‍ॅम्प्लिफायरला पेलणारा भार. २० हजारांच्या आतल्या बऱ्याच साउंडबारांमध्ये ड्रायव्हर, म्हणजे आतले प्रत्यक्ष आवाज काढणारे स्पीकर, बोटभर लांबीचे असतात. माणसाचा भरदार आवाज त्यांच्यातून तसा निघत नाही. बेडरूमसाठी साउंडबार जरूर घ्यावा. तुमच्या हॉलला त्याची गरज नाही.

पण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट आईंची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आजचे टीव्ही इतके पातळ झालेत की स्पीकर पाठीमागे नाहीतर खाली तोंड करून बसवावे लागतात. आवाज भिंतीवर आपटून मग आपल्याकडे येतो. त्यात तुमच्याकडे बहुधा गुळगुळीत टाइल्स असणार, त्यामुळे खोली घुमते. शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून. स, श, फ, थ यांचे आवाज बारीक आणि उंच पट्टीतले, आणि वयानुसार कान पहिल्यांदा नेमके तेच गमावतो. आईंना आवाज ऐकू येतो, शब्द सुटत नाहीत, असं होत असेल तर कारण हेच. एकदा त्यांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. कानाच्या डॉक्टरांकडे फार वेळ लागत नाही, आणि जे स्पीकरने सुटणार नाही ते तिथे कळेल.

उरलेलं काम मधल्या स्पीकरचं. ५.१ म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, बाजूला दोन, आणि .१ म्हणजे फक्त खर्जाचा वेगळा प्रवाह. सिनेमातलं बहुतेक बोलणं एकट्या मधल्या चॅनेलमधून येतं. हा चॅनेल वेगळा हाती आला की बोलणं वाढवता येतं आणि मारामारी आहे तिथेच ठेवता येते. टीव्हीच्या रिमोटने जे कधीच जमणार नाही ते इथे जमतं. चहूबाजूंच्या आवाजाचा मोह घरातल्या बाकीच्यांना असू दे. आईंच्या दृष्टीने ५.१ चा अर्थ हा एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

पैसे कशावर खर्च करायचे ते यातूनच ठरतं. एक एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन तो वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारा अ‍ॅम्प्लिफायर), एक मधला स्पीकर, आणि वायर. बाकी सगळं घरात आहे.

रिसीव्हर जुना घ्या. नव्याच्या मागे लागलात तर बजेट तिथेच संपेल. जुन्यात दोन जाती मिळतील. एकाला एचडीएमआय एआरसी असतं. ही सोय २००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ मध्ये पहिल्यांदा मिळाली. एकाच केबलने टीव्हीतला आवाज रिसीव्हरकडे येतो आणि टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो. आईंसाठी हे सोपं. दुसऱ्या जातीला एआरसी नसतं, पण ऑप्टिकल इनपुट, म्हणजे प्रकाशाच्या केबलने आवाज घ्यायची जागा, असते. असे रिसीव्हर लोक ‘जुनाट’ म्हणून काढून टाकतात, आणि काटकसर करणाऱ्याने नेमके तेच बघावेत. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल ५.१ (सगळे चॅनेल एकत्र बांधून पाठवायची पद्धत) व्यवस्थित जातं. ओटीटीवर जे डॉल्बी डिजिटल प्लस असतं ते ऑप्टिकलला पेलत नाही, पण बहुतेक टीव्ही त्याचं साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतर स्वतःच करतात.

घ्यायला जाताना तुमचा एक वडिलांचा स्पीकर बरोबर न्या. पाचही चॅनेलना तो एकेक करून लावून बघा. एक चॅनेल मेलेला रिसीव्हर ‘चालू आहे’ म्हणून सर्रास विकला जातो. रिमोट आणि आवाज जुळवायचा मायक्रोफोन मागून घ्या. मायक्रोफोन त्याच कंपनीचा लागतो, दुसरा चालत नाही. आणि मागच्या पट्टीवरचे व्होल्ट वाचा. अमेरिकेतून कुणी मायदेशी परतताना आणलेला रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० ला थेट लावला की संपला. मोठा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण त्या भानगडीत पडू नका. सांगलीत मनासारखा मिळाला नाही तर पुण्याला जाणं होईल तेव्हा तपकीर गल्लीत चक्कर मारा, मुंबईला गेलात तर लॅमिंग्टन रोडला.

तिथे तुम्हाला दुसराही रस्ता दाखवतील. स्थानिक जोडणीचा ५.१ अ‍ॅम्प्लिफायर आणि सोबत एक छोटा डीकोडर. डीकोडर ऑप्टिकल घेतो आणि सहा वेगळ्या आरसीए पिनांमधून (जुन्या टीव्ही-डीव्हीडीला असायच्या त्या गोल पिना) आवाज देतो. स्वस्तात काम होतं, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण अशा खोक्यांवर हजारो वॅट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, लिहिलेलं असतं, त्या आकड्याला काही अर्थ नाही. आणि प्रत्येक स्पीकरचं अंतर, त्याची खर्जाची हद्द ठरवायची सोय त्यात बहुधा नसते. तुमच्याकडचे स्पीकर तीन जातींचे आहेत. त्यांना एका माळेत ओवायचं तर तीच सोय हवी. म्हणून माझं मत रिसीव्हरलाच. वॅटची चिंता नको. वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने, आणि ११ बाय १५ च्या खोलीत बोलणं ऐकायला एखादा वॅटही पुष्कळ होतो.

आता वडिलांचे स्पीकर तपासू. पुढची जाळी हलक्या हाताने काढा. वूफरच्या कागदी कोनाभोवती जी लवचीक कड असते ती रबराची आहे की फोमची, ते बघा. रबर असेल तर निश्चिंत राहा. फोम असेल तर ३० वर्षांत तो बहुतेक विरलेला असणार. बोट लावलं की जुन्या स्पंजासारखा चुरा होऊन हाताला चिकटतो. घाबरू नका. नुसता फोम बदलून मिळतो, स्पीकर दुरुस्त करणारे ‘सराउंड बदलून द्या’ म्हटलं की समजतात. मग दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवून तो सावकाश आत दाबा आणि सोडा. आतून खरखर आली तर कॉइल घासतेय, तेव्हा रिकोनिंग, म्हणजे कोन आणि कॉइल बदलणं, करावं लागेल. काहीच आवाज आला नाही तर स्पीकर धडधाकट आहे. मल्टिमीटरने दोन टर्मिनलांमधला रोध मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६-७ च्या आसपास दाखवतो, ते बरोबरच आहे.

हेच मीटर माळ्यावरच्या पाच छोट्या स्पीकरांना लावा, कारण खरा धोका तिथे आहे. आयत्या सेटचे स्पीकर त्यांच्याच युनिटसाठी बनवलेले असतात, म्हणून ते ३ ओहमचे. साध्या रिसीव्हरच्या पाठीवर ‘६ ते १६ ओहम’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. हिशेब करून बघा: रिसीव्हरने २० व्होल्ट दिले तर ८ ओहमच्या स्पीकरमधून अडीच अँपिअर वाहतात, ३ ओहमच्या स्पीकरमधून साडेसहाच्या वर. तेवढा प्रवाह रिसीव्हरला झेपत नाही. तो तापतो, मध्येच बंद पडतो, आणि नशीब वाईट असेल तर कायमचा जातो.

मग ते टाकायचे का? नाही. दोन-दोन स्पीकर एकामागे एक जोडा. ३ आणि ३ मिळून ६ ओहम होतात, आणि ६ रिसीव्हरला चालतात. रिसीव्हरचा प्लस पहिल्या स्पीकरच्या प्लसला, पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, दुसऱ्याचा मायनस परत रिसीव्हरला. डाव्या बाजूला अशी एक जोडी, उजव्या बाजूला एक. पाचातले चार कामाला लागले. बाजूच्या आवाजात पाऊस, गर्दी, पाखरं, लांबून जाणारी गाडी असलंच बहुतेक असतं. त्यासाठी हे छोटे स्पीकर उत्तम. दोघांना भिंतीवर एकमेकांशेजारी लावा म्हणजे एकाच जागेवरून आवाज येईल. त्या सेटचा वूफर मात्र जोडू नका. त्याच्या आत स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नसतो, आणि रिसीव्हरकडे त्याला चालवणारा चॅनेल नसतो.

खर्जाचं काम कॉम्प्युटरच्या २.१ सेटचं खोकं करेल. त्यात अ‍ॅम्प्लिफायर आहेच. त्याचे दोन छोटे स्पीकर काढून ठेवा. रिसीव्हरच्या सबवूफर आउटमधून एक आरसीए वायर काढा, तिला वाय-जोडणी लावून खोक्याच्या डाव्या-उजव्या दोन्ही इनपुटांत द्या. सिनेमागृहासारखी जमीन हादरणार नाही. मला विचाराल तर फ्लॅटमध्ये ती हादरू नयेच, खालच्या मजल्यावर माणसं राहतात.

मधला स्पीकर. इथे बरेच जण म्हणतील, ‘सेंटर: नन’ (मधला स्पीकर नाही) असं सेटिंग करा, बोलणं डाव्या-उजव्यातून निघून मधोमध भासेल. खरं आहे, आणि पहिला महिनाभर तुम्ही तसंच करा, पैसे लागत नाहीत. पण तो भास सोफ्याच्या मधोमध बसणाऱ्यालाच होतो. घरातली मोठी माणसं कुठे बसतात ते तुम्हाला माहीत आहे: स्वयंपाकघराकडच्या टोकाला, उठायला सोपं म्हणून. तिथे जवळच्या स्पीकरमधूनच सगळं ऐकू येतं. आणि मधोमध बसलं तरी दोन स्पीकरांचे आवाज दोन्ही कानांत थोड्या फरकाने पोहोचल्यामुळे २ किलोहर्ट्झच्या आसपास एक खड्डा पडतो. शब्द सुटे ऐकू यायला तोच पट्टा लागतो. म्हणून आईंसाठी मधला स्पीकर खरा हवा. सेंटर म्हणून आडवा मिळतो तोच घ्यायला हवा असं नाही. ६ किंवा ८ ओहमचा एक साधा बुकशेल्फ स्पीकर टीव्हीखालच्या टेबलावर उभा ठेवलात तरी चालतो. टेबलाच्या पुढच्या कडेपर्यंत आणा, आणि खाली लाकडाची चकती घालून तोंड जरा वर, कानांच्या दिशेने करा. आत ढकलून ठेवला की बोलणं टेबलातून आल्यासारखं वाटतं.

वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातून घ्या, एक चौरस मिलिमीटरची, तांब्याची, बारीक तारांची दुपदरी. मीटरवर मिळते. बाजूच्या स्पीकरांपर्यंत भिंतीकडेने नऊ-दहा मीटर जाईल, तेवढ्यात जाऊन-येऊन रोध जेमतेम एक तृतीयांश ओहम भरतो. महागड्या ‘ऑडिओ केबल’ला एक रुपयाही देऊ नका. मात्र तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर वर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, परत करा. केसिंग पट्टीतून न्या, घरच्या लाइटच्या वायरींबरोबर एकाच पाइपात घालू नका.

टोकं सोलताना घाई करू नका. माझ्याकडे एकदा एका टोकाचा केसाएवढा एकच धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला होता. आवाज वाढवला, टक्क झालं, आणि अ‍ॅम्प्लिफायरची आउटपुट आयसी, म्हणजे स्पीकर चालवणारी चिप, गेली. तेव्हापासून मी प्रत्येक टोक पिळून, टिन करून (वर सोल्डरचा थर देऊन), प्रकाशात धरून बघतो. आणि सगळं जोडून होईपर्यंत प्लग भिंतीतून काढलेला असतो.

प्लस-मायनस जपा. होम थिएटरच्या स्पीकरांचे रंगीत प्लग कापावे लागतील, मग कुठली तार कुठली ते कळत नाही. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या आणि दोन तारा क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली तार प्लस. आत गेला तर उलट. जाळीतून दिसत नसेल तर टॉर्चचा प्रकाश तिरपा टाका, कागदाची हालचाल नक्की दिसते. एक स्पीकर उलटा लागला तर काही जळत नाही, पण खर्ज पातळ होतो आणि आवाज कुठून येतोय तेच समजेनासं होतं. लोक मग स्पीकरला दोष देतात.

जागा ठरवू. वडिलांचे स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून सात-आठ फुटांवर, ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून सव्वातीन फुटांवर. तोंडं सोफ्याकडे थोडी वळवा. बाजूचे स्पीकर मागच्या भिंतीवर लावायचा मोह होईल, कारण सोफा तिथेच आहे. तसं केलंत तर ते डोक्यावर बोलतील. बाजूच्या भिंतींवर, कानांच्या रेषेत किंवा किंचित मागे, आणि कानापेक्षा फूट-दीड फूट वर लावा. सोफाही भिंतीपासून फूटभर तरी पुढे ओढा. भिंतीला टेकलेल्या माणसाला खर्ज फुगलेला ऐकू येतो आणि बोलणं त्यात बुडतं. सोफ्यासमोर एक जाड सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा हे दोन्ही करा. घुमणं कमी झालं की आईंना पहिला फरक तिथेच जाणवेल.

खर्जाच्या खोक्याची जागा शोधायची युक्ती जुनी आहे पण पक्की. खोकं उचलून सोफ्यावर, आईंच्या जागेवर ठेवा आणि खर्जाचं काहीतरी लावा. मग स्वतः भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरा, कान जमिनीजवळ ठेवून. कुठे नुसती गुरगुर ऐकू येईल, कुठे काहीच नाही. जिथे प्रत्येक सूर सारखा, सुटा ऐकू येतो तिथे खोकं ठेवा. शोकेसमधली भांडी वाजायला लागली तर आधी भांड्यांखाली फडकं घाला, खोक्याला दोष देऊ नका.

सगळं जोडलं की टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. एआरसीची केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टमध्येच हवी. सीईसी, म्हणजे एका रिमोटने दोन्ही यंत्रं चालवायची सोय, चालू करा. हीच सोय सॅमसंगमध्ये अ‍ॅनिनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक आणि सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक या नावाने सापडेल. डिजिटल ऑडिओ आउटपुट पीसीएमवर (न बांधलेला साधा डिजिटल आवाज) असेल तर ते ऑटो किंवा डॉल्बी डिजिटलवर न्या. ऑप्टिकलला पीसीएमवर फक्त दोन चॅनेल जातात, आणि ‘पाच स्पीकर लावले पण दोनच वाजतात’ म्हणणाऱ्यांची बहुतेकदा हीच एक गोष्ट राहिलेली असते. मायक्रोफोन आईंच्या कानाच्या उंचीवर ठेवून, पंखा बंद करून, आपोआप जुळवणी करून घ्या. मग आकडे स्वतः तपासा. सगळे स्पीकर ‘स्मॉल’, वडिलांच्या स्पीकरांची हद्द ८० हर्ट्झ, छोट्या चौघांची १५० किंवा रिसीव्हर देत असेल तर २००. त्याखालचा खर्ज खोक्याकडे जातो आणि छोट्या कोनांवर ताण येत नाही.

शेवटी मधला चॅनेल २ ते ३ डेसिबलने वर करा. रात्री ‘नाइट मोड’ लावा. त्याने सगळ्यात मोठे आवाज दाबले जातात आणि बारीक आवाज वर येतात. आईंना दिवसाही तोच बरा वाटला तर दिवसाही राहू द्या, सिनेमाचा अपमान होत नाही. मराठी मालिका बऱ्याचदा स्टिरिओच येतात. त्यांना रिसीव्हरवर प्रो लॉजिक २ चं ‘मूव्ही’ किंवा नव्या रिसीव्हरवर ‘डॉल्बी सराउंड’ लावलंत की बोलणं मधल्या स्पीकरकडे खेचलं जातं. गाणी ऐकताना मात्र रिमोटवरचं ‘स्टिरिओ’ दाबा आणि बाकी सगळे गप्प करा. नाट्यसंगीत किंवा एखादी भैरवी वडिलांच्या त्या दोन स्पीकरांवर, मध्ये दुसरं काही न येता ऐकून बघा. ते याच कामासाठी घेतले होते.

ब्लूटूथचे स्पीकर बाजूला लावावेत का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण मुलगा विचारेल. नको. आवाज दहावा-पाचवा हिस्सा सेकंद उशिरा पोहोचतो, आणि ओठ आधी हलून शब्द मागून आले की आईंचा उरलासुरला आधारही जातो. ऐकू कमी येणारी माणसं ओठ वाचत असतात, त्यांना स्वतःला ते माहीत नसतं.

पहिल्या संध्याकाळी सिनेमा लावू नका. आई रोज बघतात ती मालिका लावा, त्यांना त्यांच्या टोकाला बसवा, आणि मधला चॅनेल अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने हलवत त्यांनाच विचारा. त्या ‘आता बरं’ म्हणतील तो आकडा लिहून रिसीव्हरच्या वर चिकटवा. आणि जुना रिसीव्हर पसंत पडला की पैसे देण्याआधी त्याच्या पाठीचा फोटो आणि पाचही छोट्या स्पीकरांचं मीटरवरचं रीडिंग मला पाठवा. कुठली तार कुठे ते मी खुणा करून परत पाठवतो.